संगणकाला शिकवणाऱ्या बाई

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना अर्धवट राहिलेली काही वाक्यं इथे पूर्ण केली आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषय दिला होता ‘तंत्रज्ञान आणि आपण’. मी म्हटलं, त्या विषयावर आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी भरपूर येतं आणि त्यातलं निम्मं खोटं असतं. त्यापेक्षा मी एका बाईंबद्दल बोलते. त्या गणित शिकवायच्या. आपल्या शाळेत नाही, अमेरिकेत. त्यांचं नाव ग्रेस हॉपर. समोर बसलेल्या आपल्या बाईंशी त्यांची ओळख करून द्यावी, असं फार वर्षं मनात होतं.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती मात्र नाराजीतून. २००१ साली इंजिनिअरिंग संपवून मी पुण्यात पहिल्या नोकरीला लागले. कॉलेजात सी, सी प्लस प्लस, जावा असं सगळं शिकून आले होते. पहिल्याच दिवशी कंपनीने सांगितलं, तुमची बॅच मेनफ्रेमला. म्हणजे कोबोल. १९५९ सालची भाषा, माझ्या जन्माच्याही वीस वर्षं आधीची! आमच्यातल्या दोघी तर जेवणाच्या सुट्टीत रडल्या. शिकवायला आलेले गृहस्थ शांत होते. त्यांनी खिशातून तारेचा एक तुकडा काढला, वर धरला आणि विचारलं, हे काय आहे? कोणालाच सांगता आलं नाही. त्या तारेचं मी शेवटी सांगते. ते सांगतानाच त्यांनी हॉपरबाईंचं नाव घेतलं होतं, आणि मग मी मिळेल ते वाचत गेले.

बाईंचा जन्म ९ डिसेंबर १९०६चा, न्यू यॉर्कचा. सात वर्षांच्या असताना घरातलं गजराचं घड्याळ कसं चालतं ते बघायला त्यांनी ते उघडलं. परत जोडता येईना म्हणून दुसरं उघडलं. असं करत घरातली सात घड्याळं मोडून ठेवली. आईने काय करावं? यापुढे एकाच घड्याळाला हात लावायचा, एवढीच शिक्षा. आमच्या घरी मी रेडिओ उघडला होता तेव्हा मला काय मिळालं, ते इथे सांगत नाही. माझी आई दुसऱ्या रांगेत बसली आहे.

पुढे सोळाव्या वर्षी त्या लॅटिनमध्ये नापास झाल्या. त्यामुळे व्हासार कॉलेजचा प्रवेश वर्षभर लांबला. हे मी मुद्दाम सांगते, कारण भाषेच्या पेपरात नापास झालेल्या याच मुलीने पुढे यंत्राला भाषा शिकवली. व्हासारमधून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन १९२८ साली पदवी, १९३४ साली येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी., आणि त्याच्या आधीपासूनच व्हासारमध्ये शिकवायला सुरुवात.

त्यांच्या शिकवण्याची एक गोष्ट मला फार आवडते. संभाव्यतेचा वर्ग सुरू झाला की त्या पहिल्यांदा एका सूत्रावर व्याख्यान द्यायच्या आणि मुलींना सांगायच्या, आता यावर निबंध लिहून आणा. गणितात निबंध! आणलेल्या निबंधांवर लाल शाईने इतक्या खुणा करायच्या, की मुली चिडायच्या. आम्ही गणित शिकायला आलोय, इंग्रजी नाही, अशी त्यांची तक्रार. बाईंचं म्हणणं असं, की जे दुसऱ्याला सांगता येत नाही ते गणित शिकून उपयोग काय?

हे वाचलं तेव्हा मला आपला नववीचा भूमितीचा तास आठवला. पक्ष, साध्य, सिद्धता. पायरी बरोबर असली तरी शेजारी कंसात कारण लिहिलं नसेल तर अर्धा गुण गेलाच. आम्ही किती कुरकुर करायचो! बाई, तो अर्धा अर्धा गुण मी आज माझ्या टीमच्या लोकांकडून वसूल करते आहे. प्रोग्राम चालतो ना, मग झालं तर, असं कोणी म्हटलं की मी विचारते, कारण कुठे लिहिलंय?

अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली तेव्हा हॉपरबाई पस्तिशीच्या होत्या, पक्की नोकरी होती. तरी त्यांना नौदलात जायचं होतं. वय जास्त आणि वजन नियमापेक्षा कमी म्हणून अडचण आली. खास सवलत मिळवून १९४३च्या डिसेंबरात त्या भरती झाल्याच. प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि १९४४च्या जुलैत त्यांना हार्वर्ड विद्यापीठात एका यंत्रापुढे नेऊन उभं केलं. त्याचं नाव मार्क वन. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट. म्हणजे आपला जुना दहावीचा वर्ग पुरला नसता, मधली भिंत पाडावी लागली असती. एवढं धूड सेकंदाला फक्त तीन बेरजा करायचं! पण त्या काळी माणसाच्या मानाने ते अचाट होतं. सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीला भोकं पाडून. बाईंनी हे यंत्र चालवायला शिकून घेतलं आणि मग वरिष्ठ हॉवर्ड एकेन यांच्या हुकमावरून त्याची पाचशेहून जास्त पानांची माहितीपुस्तिका लिहिली. म्हणजे परत निबंधच.

तुमच्यापैकी काहींनी मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल, की हॉपर यांनी संगणकात पतंग सापडवला आणि तेव्हापासून चुकीला ‘बग’ म्हणतात. गोष्ट निम्मी खरी आहे. ९ सप्टेंबर १९४७ला मार्क टू या पुढच्या यंत्राच्या एका रिलेत खरोखरच पतंग अडकलेला सापडला, तो नोंदवहीत चिकटपट्टीने डकवला, आणि ते पान आज अमेरिकेच्या संग्रहालयात आहे. पण ‘बग’ हा शब्द इंजिनिअर मंडळी त्याआधी कितीतरी वर्षं वापरत होती, आणि पतंग काढणारा हात बाईंचाच होता असंही नाही. त्या ही गोष्ट रंगवून सांगायच्या, एवढं नक्की.

महिला दिनाच्या भाषणांत मात्र या बाईंच्या आयुष्यातला एक भाग कोणी सांगत नाही. युद्ध संपलं, १९४५ साली घटस्फोट झाला, मूलबाळ नव्हतं. १९४९ साली हार्वर्डमधलं कामही संपलं. वय ४२. त्या काळात त्यांचं पिणं खूप वाढलं. फिलाडेल्फियात एकदा त्यांना दारूच्या नशेत असताना अटकही झाली. आज ज्यांच्या नावाने अमेरिकेच्या नौदलाची युद्धनौका आहे, त्या बाई या अवस्थेतून गेल्या होत्या. मित्रांनी सावरलं, कामाने सावरलं. आपण सगळे आता चाळिशीच्या पुढे आहोत. आपल्या बॅचमध्येही कोणाकोणाचं काय काय चालू आहे ते आपल्याला थोडंफार माहीत असतं आणि ग्रुपवर मात्र आपण फक्त वाढदिवसाचे केक टाकतो. म्हणून हे सांगितलं. आणि लक्षात घ्या, त्यांचं सगळ्यात मोठं काम याच्यानंतरचं आहे.

आता त्या कामाकडे येते. जरा तांत्रिक आहे, पण आपल्या बाईंनी शिकवल्यासारखं सांगायचा प्रयत्न करते.

१९४९ साली त्या फिलाडेल्फियात एकर्ट आणि मॉकली यांच्या कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक नावाचा संगणक तयार होत होता. संगणकाला कळतात फक्त आकडे. कुठली क्रिया करायची त्याचा आकडा, माहिती कुठल्या खणात आहे त्याचा आकडा. अशा हजारो आकड्यांची रांग माणसाने हाताने लिहायची, तीही कित्येकदा अष्टमान पद्धतीत, जिथे सातनंतर थेट दहा येतात. बाई सांगायच्या, की या नादात त्यांचा स्वतःचा बँकेचा हिशेब जुळेना. शेवटी बँकेत काम करणाऱ्या भावाला दाखवला. त्याने शोधून काढलं, की बाई मधूनमधून वजाबाक्या अष्टमान पद्धतीत करत होत्या!

सगळे प्रोग्रामर आपापल्या वहीत काही तयार तुकडे ठेवायचे. वर्गमूळ काढायचा एक तुकडा, एखाद्या कोनाची साइन काढायचा दुसरा. कोणाला गरज लागली की दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायचं. आपण गृहपाठ उतरवायचो तसं. फरक एवढाच, की उतरवताना खणांचे सगळे आकडे आपल्या जागेप्रमाणे बेरीज करून बदलावे लागायचे. बाईंच्या लक्षात आलं, की हुशार माणसं दोन गोष्टी हमखास चुकतात, एक बघून उतरवणं आणि दुसरी साधी बेरीज. आणि संगणक नेमक्या याच दोन गोष्टी न चुकता करतो. मग हे काम त्यालाच का देऊ नये? तुकड्यांना क्रमांक द्यायचे, ते चुंबकीय फितीवर ठेवायचे, आपण फक्त क्रमाने म्हणायचं अमुक तुकडा, मग तमुक तुकडा. संगणकाने ते शोधावेत, जोडावेत, आकडे बदलावेत आणि पूर्ण प्रोग्राम तयार करून द्यावा. याला त्यांनी ‘कंपायलर’ म्हटलं. १९५२ साली तो चालू झाला. आजच्या कंपायलरच्या मानाने तो अगदी प्राथमिक होता, पण सुरुवात ती. त्याच वर्षी त्यांनी यावर निबंध वाचला, त्याचं शीर्षक होतं ‘संगणकाचं शिक्षण’. बघा, शीर्षकसुद्धा शिक्षकाचंच.

लोकांनी विश्वास ठेवला नाही. चालणारा कंपायलर समोर आहे आणि कोणी त्याला हात लावायला तयार नाही, अशी दोनेक वर्षं गेली. संगणक फक्त अंकगणित करतो, तो प्रोग्राम लिहू शकत नाही, हे त्यांना ऐकवलं गेलं.

पण त्या पुढेच निघाल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की गणिती माणसांना चिन्हं आवडतात, बाकीच्यांना नाही. पगारपत्रक करणारा, मालाचा साठा मोजणारा माणूस शब्दांत विचार करतो. तर त्याला शब्दांत लिहू द्या, भाषांतर यंत्र करेल. १९५५च्या सुमारास त्यांनी वीसेक इंग्रजी वाक्यांवर चालणारा एक छोटा नमुना तयार केला. मग त्यांना वाटलं, वरिष्ठांना तत्त्व नीट कळायला हवं. यंत्राच्या दृष्टीने इंग्रजी शब्द म्हणजेही नुसत्या खुणाच. त्या जागी दुसऱ्या खुणा ठेवल्या तरी काम तेच. म्हणून त्यांनी तोच प्रोग्राम फ्रेंच शब्दांत चालवून दाखवला आणि मग जर्मनमध्ये.

वरिष्ठ हादरले. फिलाडेल्फियात बनलेला सभ्य अमेरिकन संगणक फ्रेंच आणि जर्मन कसा काय समजेल? बाई हे अगदी मिश्किलपणे सांगायच्या. शेवटी, आम्ही फक्त इंग्रजीतच करू, असं पटवून द्यावं लागलं तेव्हा प्रकरण मिटलं, असं त्या सांगत.

मित्रांनो, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मला उत्तर येत असून मी हात वर केला नाही, असे किती तास गेले त्याचा हिशेब नाही. इथल्या पुष्कळांचं तसंच झालेलं आहे. आपण त्याचे विनोद करून सांगतो, पण तेव्हा विनोद वाटत नव्हता. मला वाटायचं, यंत्राचीच भाषा इंग्रजी आहे, आपण परकेच. आणि इथे या बाई पन्नास वर्षांपूर्वी दाखवून गेल्या होत्या, की यंत्राला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो वरिष्ठांना.

आणि तरीही जेव्हा मी वरिष्ठ झाले तेव्हा मी काय केलं, ते आज सांगणार आहे.

बारा-तेरा वर्षं झाली. माझ्या टीममध्ये एक मुलगा नवीन आला होता. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावचा, मराठी माध्यमाचा. परदेशी ग्राहकाबरोबर फोनवर बैठक चालू होती. त्याने मध्येच बोलायला सुरुवात केली, एका रकमेबद्दल काहीतरी. वाक्य जुळेना. तो परत पहिल्यापासून सुरू करायचा. घड्याळ पुढे सरकत होतं. मी त्याला तोडलं आणि सगळ्यांसमोर इंग्रजीत म्हटलं, आधी वाक्य तयार कर, मग बोल. कोणीतरी हसलं. बैठक पुढे गेली. त्यानंतर तो कुठल्याच बैठकीत बोलला नाही आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

दोन महिन्यांनी तिमाहीचा हिशेब चुकला. कोबोलमध्ये प्रत्येक रकमेसाठी किती अंकांची जागा लागेल ते आधी सांगून ठेवावं लागतं. सात घरं ठेवली आणि आठ अंकी रक्कम आली, तर वेगळी काळजी घेतली नसेल तर डावीकडचा अंक गुपचूप गळतो. प्रोग्राम थांबत नाही, कुरकुरत नाही, फक्त एक कोटी पाच लाखांचे पाच लाख होतात. आम्ही दोन रात्री शोधत होतो. दुसऱ्या रात्री त्या मुलाने आपली वही माझ्यापुढे ठेवली. त्यात स्वच्छ मराठीत लिहिलं होतं, की या एकूण रकमेला जागा पुरणार नाही, तिमाहीला अडचण येईल. शेजारी कारणही लिहिलं होतं. वर तारीख होती त्या बैठकीची.

मी त्याची माफी मागितली, पण एकट्याला गाठून. अपमान मात्र चारचौघांत केला होता. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कंपनीत गेला. ही गोष्ट मी चारचौघांत आज पहिल्यांदा बोलते आहे.

तेव्हापासून माझ्या टीममध्ये एक नियम आहे. शंका कुठल्याही भाषेत मांडायची, मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये. इंग्रजी नंतर सगळे मिळून करू. ग्राहकाला इंग्रजी लागतं, चुकीला लागत नाही.

कोबोलबद्दल थोडक्यात. हॉपरबाईंना ‘कोबोलची आई’ म्हणतात, पण ती भाषा एका समितीने केली, १९५९ साली, आणि त्यात जीन सॅमेट, बेट्टी होल्बर्टन अशा आणखी बायका होत्या. बाई सल्लागार होत्या. मात्र पाया त्यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेचा होता, शब्दांत लिहायचा हट्टही त्यांचाच. १९६०च्या डिसेंबरात एकच प्रोग्राम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवला गेला, आणि प्रोग्राम यंत्राला बांधलेला नसतो हे सिद्ध झालं. विद्वानांनी कोबोलला खूप नावं ठेवली. डायक्स्ट्रा यांच्यासारखा मोठा माणूस तर म्हणायचा, की ही भाषा शिकवणं हा गुन्हा मानला पाहिजे. माझं प्रामाणिक मत विचाराल तर भाषा बोजड आहे, शब्दबंबाळ आहे. पण वीस वर्षांपूर्वी कोणा अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम उघडला आणि वाचून कळला, हे मी कोबोलमध्येच सगळ्यात जास्त अनुभवलं आहे. आणि एक हिशेब आपल्याकडचाही आहे. २००० सालाच्या आधी जगभरच्या जुन्या प्रोग्राममधली दोन अंकी वर्षं दुरुस्त करायला माणसं लागली, तेव्हा भारतातल्या हजारो इंजिनिअरांनी कोबोल शिकून ते काम केलं. आपल्या वरच्या बॅचमधले कितीजण त्या वेळी पहिल्यांदा विमानात बसले, आठवून बघा.

बाई १९६६च्या शेवटी नौदलातून निवृत्त झाल्या. काही महिन्यांतच, १९६७ साली, त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने १९ वर्षं चालले! १९८६ साली कायमच्या निवृत्त झाल्या तेव्हा वय ७९. मग पुन्हा एका संगणक कंपनीत सल्लागार. १ जानेवारी १९९२ला त्या गेल्या. २०१६ साली त्यांना मरणोत्तर अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. त्यांच्या कार्यालयात उलट दिशेने फिरणारं घड्याळ होतं. ‘आमच्याकडे हे असंच करतात’ असं म्हणणाऱ्यांसाठी. वेळ ते बरोबरच दाखवायचं.

आणि आता ती तार. अधिकारी त्यांना विचारायचे, उपग्रहावरून निरोप यायला इतका वेळ का लागतो? संगणक तर नॅनोसेकंदात काम करतात म्हणे. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग, आणि तो डोळ्यांपुढे येईना, बाईंच्यासुद्धा. म्हणून त्यांनी सांगितलं, मला एक नॅनोसेकंद कापून आणून द्या. तेवढ्या वेळात प्रकाश जितका जातो, वीज तारेतून जास्तीत जास्त जितकी जाऊ शकते, तेवढा तारेचा तुकडा. ११.८ इंच. मग त्या व्याख्यानाला जाताना टेलिफोनच्या तारेचे तुकडे घेऊन जायच्या आणि वाटायच्या. इथून उपग्रहापर्यंत असे किती नॅनोसेकंद आहेत, तुम्हीच बघा. एक मायक्रोसेकंदही असायचा, जवळजवळ ३०० मीटर तारेचं भेंडोळं. प्रोग्रामरांनी एकेक मायक्रोसेकंद वाया घालवण्याआधी हे गळ्यात अडकवून बघावं, असं त्या म्हणायच्या.

११.८ इंच म्हणजे जेमतेम ३० सेंटिमीटर. आपल्या कंपासपेटीत न मावणारी, दप्तरातून वर डोकावणारी ती लांब पट्टी बरोबर तेवढी. काल रात्री मी घरी बसून तार कापली, माझ्या मुलाच्या पट्टीने मोजून. शंभर तुकडे आहेत, दाराजवळच्या टेबलावर ठेवलेत, जाताना एकेक न्या. भूमितीच्या बाईंसाठी वेगळा ठेवला आहे. बाई, तो तुम्ही मोजून बघालच. एक मिलिमीटर इकडेतिकडे असेल तर अर्धा गुण कापा.